धावड्याचा खुंटा

खांडबाऱ्याच्या बाजारात कुणाच्या गाडीचा आख मोडला, तर तो नजमुन्निसा मिस्त्रिणीच्या घरचा नसणार, हे माणसं न विचारताच ओळखत. तिच्या घरचा आख मोडत नसे. बैल म्हातारे होत, चाकांचे आरे सैल होत, गाडीचा मालक मरून त्याचे मुलगे भांडून वेगळे होत, पण दोन्ही चाकं ज्यावर फिरतात तो धावड्याच्या लाकडाचा आख जसाच्या तसा राही. नवरा गेल्यापासून बारा वर्षं लाकूड तीच पारखत होती. करवत आणि लाकूड तासायचा वाकस पुरुषांनी चालवावा, पण ओंडका ठेवायचा की परत पाठवायचा ते ती ठरवी. बोटाच्या सांध्यानं ओंडका वाजवायचा, कान लावायचा, आणि मग विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. तिला वाचता येत नव्हतं, सही म्हणजे अंगठा. पण लाकूड वाचायला कुठं शाळा लागते, असं ती म्हणे, आणि शाळेचे मास्तर समोर असले तर मुद्दाम मोठ्यानं म्हणे.

मोठी लढाई संपून वर्ष होत आलं होतं. श्रावणातल्या एका सकाळी अशा या बाईच्या अंगणात मामलेदार येऊन उभे राहिले. चाकांवर चढवायचे लोखंडी पट्टे विझवायला अंगणात एक लांबट दगडी कुंडी होती. त्या कुंडीला टेकून तिचा मुलगा नजीर बसला होता. तो आठ दिवसांपूर्वीच बसऱ्याहून परत आला होता. चार वर्षांनी घरी आलेला माणूस, पण ना हत्याराला हात लावी, ना कुणाशी धड बोले. शनिवारी चावडीवर जाऊन हजेरी तेवढी देऊन येई.

"बाई, दसऱ्यानंतर कलेक्टरसाहेबांचा मुक्काम इथं पडणार आहे," मामलेदार म्हणाले. "तुमच्या मुलाची चौकशी आहे. आरोप फितुरीचा आहे. सिद्ध झाला तर काळं पाणी. त्याहून वाईटही होऊ शकेल."

"काय चोरं त्यानी?"

"चोरी नाही. सरकारी आरमारात एक शिडाचं लढाऊ गलबत होतं. ऐन लढाईत त्याचं सुकाणू निखळलं आणि ते तुर्कांच्या हाती गेलं. चौदा महिन्यांनी तेच गलबत आपल्या लोकांनी तुर्कांकडून परत जिंकलं. तेव्हाही सुकाणूच निखळलं. आणि दोन्ही वेळा त्यावरचा सुतार एकच."

नजमुन्निसानं पदर सावरला. "मंग दुसऱ्या येळे त्यानी तुमनंच काम करं ना? बक्षीस द्या त्याले. आठे काय मांगाले उनात?"

मामलेदारांना हसू आलं, पण ते त्यांनी मिशीतच ठेवलं. "साहेब म्हणतात, जो दोन्ही धन्यांचं मोडतो तो कुणाचाच नसतो."

ते गेले. कुंपणापलीकडून सगळं ऐकणारा शौकत लगेच आत आला. शौकत तिच्या बहिणीचा मुलगा. कापडाचं दुकान होतं, आणि वर्तमानपत्र वाचत असल्यानं आपल्याला जगाचं सगळं कळतं अशी त्याची समजूत.

"खाला, आता नजीरभाईनं ताठ मानेनं सांगायचं. हो, मोडलं मी सुकाणू, तुर्कांच्या खलिफासाठी मोडलं! सगळं नंदुरबार त्याला हार घालील."

"आनि दुसऱ्या येळे मोडं ते कोनासाठे? तुन्हा दुकानसाठे?"

शौकत पाय आपटत निघाला. तो गेल्यावर नजमुन्निसा नजीरसमोर येऊन बसली. सून सुरैय्या चुलीपाशी होती. तिचे हात थांबले.

"आते माले सांग," नजमुन्निसा म्हणाली. "तुन्हा बापनी कधी खोटा आख विका नही. कोनासाठे मोडं तू?"

"मी मोडं नही, अम्मा."

"मंग?"

तो कुंडीतल्या पाण्याकडे वळला. मग बोलू लागला, आणि एकदा बोलू लागल्यावर दुपार टळेपर्यंत थांबला नाही.

ते गलबत कच्छच्या मांडवीला बांधलेलं होतं. दोन डोलकाठ्या, पोट रुंद, तळ उथळ. लढाईआधी त्यातून खजूर जायचा. बसऱ्याकडच्या दजला नदीत पाणी कुठं पुरुषभर तर कुठं गुडघाभर, मोठ्या आगबोटी गाळात रुतायच्या, म्हणून इंग्रजांनी ते गलबत घेतलं. पुढं एक तोफ, मागं एक तोफ, बाजूंना पांढरा रंग, कुठल्याशा फुलाचं नाव, आणि झालं ते आरमारातलं. कप्तान विशीतलं पोरगं. त्याला तापानं ग्रासलेलं, पण रोज सकाळी दाढी करायचं. नजीर गेला होता पलटणीच्या गाड्या दुरुस्त करायला, पण त्याला सुतार म्हणून या गलबतावर चढवलं. घर सोडण्याआधी त्यानं तापीपेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं. गलबताला तो मनात 'गाडी'च म्हणायचा. शीड म्हणजे बैल, डोलकाठी म्हणजे जू, आणि सुकाणू म्हणजे चाक, कारण गलबतात फिरणारं तेवढंच.

एकदा ते गाळाच्या ढिगावर आदळलं आणि सुकाणू ज्या लोखंडी खुंट्यावर फिरतं तो खुंटा तुटला. तिकडं लोखंड मिळेना. कप्तानानं विचारलं, करशील का? नजीर हो म्हणाला. फिरणाऱ्या वस्तूला काय लावतात ते त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. घरून निघताना आईनं दोन आख गोणपाटात बांधून दिले होते, एकाच धावड्यातून चिरलेली जोडी. त्यातला एक त्यानं तासून खुंटा केला. कप्तानानं त्याच्या पाठीवर थाप मारली.

"पाच महिना चालना," नजीर म्हणाला. "लोनीमा फिरावं तसा मऊ फिरे."

हिवाळ्यात इंग्रजांची फौज मागं हटू लागली. नदीच्या एका वळणावर तुर्कांच्या तोफा लागल्या होत्या. कप्तानानं सुकाणू एकदम वळवायला सांगितलं. खालून आवाज आला, गोणपाट फाटल्यासारखा. गलबत आडवं झालं आणि वाळूवर चढलं. मग त्यावर गोळे पडले. अकरा माणसं गेली. त्या अकरांतच ते दाढी करणारं पोरगं, कमरेएवढ्या पाण्यात बुडालं.

उरलेल्यांना तुर्कांनी धरून नेलं. नजीरला ठेवून घेतलं, कारण त्याच्या कमरेला वाकस होता. आठ दिवसांत पांढऱ्या रंगावर लाल रंग चढला, झेंड्यावर चंद्र आला, फुलाचं नाव खरवडून तिथं विजयाचं नाव लिहिलं. तोफा त्याच, शिडं तीच, फक्त तोंड उलटं. नवा कप्तान पांढऱ्या दाढीचा. नमाजाला नजीरच्या शेजारी उभा राहायचा, थंडीत स्वतःचं कांबळं त्यानं नजीरला दिलं. त्यानंही तेच विचारलं, करशील का? त्याच्याकडंही लोखंड नव्हतं.

"आनि तू दुसरा आख लाया," नजमुन्निसा म्हणाली.

"लाया."

"पहिला कसाले मोडना ते देखं नही?"

नजीरनं मान खाली घातली. "देखं. भुसभुशीत व्हयेल व्हता, अम्मा. बोट जाये इतला. पन मन्हा मनमा उनं, गाठ व्हई एखादी. गाळ लागना व्हई. तू वाजाडी दियेल लाकूड, ते कुजी कसं?"

पाणी उतरलं तेव्हा गलबत बरेच महिने काठावर कोरडंच पडून होतं. पुढचा हिवाळा सरताना इंग्रज परत चालून आले. तेच पाणी, तसंच वळण. खालून पुन्हा तोच आवाज. पांढऱ्या दाढीचा कप्तान शिडाच्या दोरात अडकून बुडाला. इंग्रजांनी गलबतावर चढून जयजयकार केला, लाल रंगावर पुन्हा पांढरा रंग दिला, जुनं फुलाचं नाव लिहिलं, आणि नजीरला बेड्या घातल्या. दोन वर्षं बसऱ्याला कोठडीत ठेवलं, मग चौकशी गावी होईल म्हणून हजेरीवर सोडलं.

"ह्याबद्दल तठे साहेबले काय सांगं तू?"

"काहीच नही."

"का बरं?"

चुलीपाशी बसलेल्या सुरैय्यानं उत्तर दिलं. "तुमचं नाव घ्यावं लागलं असतं ना, अम्मा."

नजमुन्निसा ताडकन उठली. असं होणारच नाही. धावडा म्हणजे लोखंड. पण उठता उठता तिला एक जुनी गोष्ट आठवली, आणि ती आठवली याचाच तिला राग आला. नजीर निघाला त्या दिवशी वरच्या पाड्याचा रामसिंग लाकूड घेऊन दारात उभा होता. ती आख बांधत होती ते पाहून तो म्हणाला होता, "माय, धावडा पानीमा नको. आम्ही नाल्यावर पूल म्हनून बी टाकतस नही. पानी पिस नि कुजस." आणि ती सगळ्या गाडीवाल्यांसमोर हसली होती. "तुन्हा नालाना नि मन्हा आखना काय संबंध? मन्ह्या गाड्या चिखलमाईन जातस. जाय, आपली मोळी उचल." गाडीवालेही हसले होते. रामसिंगनं मोळी उचलली होती.

चिखलातून गाडी जाते आणि बाहेर निघते, उन्हात वाळते. महिनोन् महिने पाण्यात कुणी उभी करत नाही. हे तिला तेव्हा सुचलं नव्हतं, आणि आता सुचलं तरी तिनं ते मानलं नाही. त्या जोडीच्या ओंडक्याचा उरलेला तुकडा चार वर्षं दाराला अटकण म्हणून पडून होता. तिनं त्याचे दोन भाग करवले. एक छपराखाली ठेवला आणि दुसऱ्याला दगड बांधून तो कुंडीत बुडवला.

"दसऱ्याले काढसू," ती सुनेला म्हणाली. "मंग त्या रामसिंगले बलावसू, नि त्यानाच डोकामा हानसू."

श्रावण गेला, भादवा गेला. बाजारात कुजबुज वाढली. एक जण म्हणे नजीर तुर्काचा, दुसरा म्हणे इंग्रजाचा, आणि दोघंही तिच्याकडून आख न्यायचे. ती दोघांनाही झोडपायची. पण कुंडीकडे ती बघत नसे. पट्टे विझवताना कुंडीतून वाफ उठायची तेव्हा ती तोंड फिरवायची.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं दगड सोडला. तुकडा वर आला नाही, धावडा जडच. हात घालून तिनं तो बाहेर काढला. त्याला लांब भेगा पडल्या होत्या, कडा फुलल्या होत्या. तिनं बोटाचा सांधा त्यावर आपटला. असा आवाज आला की लाकूड परत पाठवायचं, हे ती आयुष्यभर करत आली होती. तिनं एक खिळा घेतला आणि अंगठ्यानं भेगेत दाबला. खिळा आत गेला.

ती तशीच ओल्या जमिनीवर बसली. अकरा माणसं. मग ती पांढरी दाढी, ते दोरात अडकणं. एक खिळा आणि बारा माणसं.

थोड्या वेळानं तिनं आजूबाजूला पाहिलं, तुकडा पदराखाली घेतला आणि चुलीकडे गेली. ओलं लाकूड पेटेना. धूर तेवढा झाला. धुरामुळं सुरैय्या आत आली, तिनं चुलीत वाकून पाहिलं आणि काय ते समजली. ही सून चार वर्षं या घरात मान खाली घालून राहिली होती. नवरा मेला असं समजून माहेरचे दोनदा न्यायला आले होते, तरी गेली नव्हती. तिनं चिमट्यानं तो तुकडा ओढून बाहेर काढला आणि सासूसमोर ठेवला.

"तुमचं लाकूड जड, मला माहीत आहे," ती म्हणाली. "माझा माणूस त्याहून हलका आहे का, एवढंच सांगा."

नजमुन्निसानं तो एका टोकाला जळालेला तुकडा उचलला आणि ओल्या गोणपाटात गुंडाळला.

साहेब स्टेशनाजवळच्या बंगल्यात उतरला होता. व्हरांड्यात टेबल मांडलं होतं. खाली बाजारचा दिवस असल्यासारखी गर्दी. साहेबाला मराठी येत होती, पण अहिराणी कळत नव्हती, म्हणून मामलेदार शेजारी. नजीर उभा होता. त्याला विचारलं, खुंटा का मोडला? तो गप्प. गर्दीतून शौकतनं त्याला खूण केली. नजीरनं त्याच्याकडं पाहिलंही नाही.

"मी सांगस," असं म्हणत नजमुन्निसा पायऱ्या चढली. शिपायानं हात आडवा केला, तर ती त्याला म्हणाली, "सरक रे, तुन्हा बापना लगीननी गाडी बी मन्हाच आखवर गयी व्हती." शिपाई सरकला.

तिनं बगलेतून दोन तुकडे काढून टेबलावर ठेवले. एक कोरडा, एक ओल्या गोणपाटात गुंडाळलेला, एका टोकाला जळालेला.

"एकच झाड. एक छपरामा व्हतं, एक पानीमा. आते ऐका."

कोरड्यावर तिनं सांधा आपटला. टणक, स्वच्छ आवाज सगळ्या व्हरांड्यात गेला. मग ओल्यावर आपटला. भद्द. साहेबाची भुवई वर गेली. तिनं तो ओला तुकडा दोन्ही हातांनी उचलला आणि व्हरांड्याच्या दगडी काठावर हाणला. तो दोन जागी फाटला, गोणपाट फाटतं तसा. नजीरनं डोळे मिटून घेतले.

"हाऊ तुमना खुंटा," ती म्हणाली. "पोऱ्यानी मोडा नही. पोऱ्यानी तठे आख लाया, कारन त्याले तेच येस. नि आख मी दिया. मी वाजाडी दिया. धावडा पानीमा टिकत नही हाई माले माहीत नव्हतं."

मामलेदारांनी मराठीत सांगितलं. मग मागून कुणीतरी फिसकन हसलं, आणि ते हसणं पुढं पुढं येत गेलं. नजमुन्निसा तशीच उभी राहिली.

साहेबानं विचारलं, "या बाईला लाकडाचं एवढं ज्ञान, सगळा बाजार सांगतो. मग हेच कसं माहीत नव्हतं? मुलाला वाचवायला आज रचलं असेल. हे जाणणारं दुसरं कुणी आहे?"

"शे," ती म्हणाली. "रामसिंग, वर ये."

रामसिंग मोळी विकायला आलेला, गर्दीच्या कडेला उभा होता. तो वर आला आणि मुंडासं काढून हातात धरलं. मामलेदारांनी त्याला विचारलं, तू बाईंना हे कधी सांगितलं होतंस का?

रामसिंगनं तिच्याकडं पाहिलं. खाली हसणाऱ्या माणसांकडं पाहिलं. मग हळूच म्हणाला, "सांगं व्हतं, साहेब. पन धीरे सांगं. बाजारना गलबला व्हता. मायनी ऐकं नही व्हई."

तिची लाज झाकायला त्यानं हे म्हटलं होतं, हे तिला लगेच कळलं. एवढं म्हणून सोडून दिलं असतं तरी चाललं असतं. साहेबालाही ते पुरलं असतं.

"खोटं बोलस तो," नजमुन्निसा म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. "मोठ्यानी सांगं व्हतं. मी ऐकं. नि मी हसनू. ह्या सगळास्ना समोर हसनू. तसं लिखा."

खालचं हसणं थांबलं.

साहेबानं बराच वेळ लिहिलं. मामलेदारांनी शेवटची ओळ मराठीत सांगितली, की यात कारस्थान दिसत नाही, सुताराचं अज्ञान दिसतं. त्याला सोडून द्यावं. सुरैय्या खाली जमिनीवर बसली आणि तोंडाला पदर लावून रडू लागली.

"सुतारनं का?" नजमुन्निसानं विचारलं. "खोडा. अज्ञान मन्हं शे. मन्हं नाव लिखा."

"बाई, आता सही झाली," मामलेदार म्हणाले. "तुमच्या जबानीखाली अंगठा करा आणि घरी जा. मुलगा सुटला, आणखी काय हवं?"

तिनं अंगठा केला. शाई पुसायला कुणी फडकं दिलं नाही, तेव्हा तो तिनं लुगड्यालाच पुसला.

घरी येताना नजीर दहा पावलं पुढं चालत होता. शौकतनं त्या दिवसापासून कुंपणापलीकडून हाक मारणं सोडलं. खलिफाचा शूर शिपाई हवा होता त्याला, लाकूड न कळलेला सुतार नको होता. आठवडाभर बाजारातून गाड्या येत राहिल्या. नव्या आखासाठी नव्हे. माणसं गाडी उलटी करून आपला जुना आख दाखवायची आणि गंभीर तोंडानं विचारायची, "मिस्त्रीण, आम्हनी गाडी नदी उतरस. बुडाव तं नही ना?" ती प्रत्येकाला शिव्या द्यायची, पण शिवीत पूर्वीची धार नव्हती, आणि हे त्यांनाही कळत होतं.

मग एके दिवशी रामसिंग ओंडके घेऊन आला. ती सवयीनं उठली, हाताची मूठ वळली, सांधा पुढं केला. तेवढ्यात नजीर तिच्या आधी खाली वाकला. घरी आल्यापासून पहिल्यांदाच त्यानं लाकडाला हात लावला होता. ओंडका त्यानं फिरवून पाहिला, आणि विचारलं ते रामसिंगला.

"रामसिंग भो, हाई कसाले चाली नि कसाले नही?"

रामसिंग संकोचून नजमुन्निसाकडं बघू लागला. तिच्या तोंडाशी दहा शब्द आले होते. ते तिनं गिळले.

"सांग त्याले," ती म्हणाली. "मोठ्यानी सांग."

ती कुंडीच्या काठावर जाऊन बसली. ते दोघं ओंडक्यावर वाकून बोलत होते. सुरैय्यानं पाणी आणून दिलं, ते तिनं घेतलं. बऱ्याच वेळानं, नजीर वाकस उचलायला तिच्या बाजूनं गेला तेव्हा, तिनं त्याच्याकडं न बघता विचारलं, "ती पानीवरनी गाडी आते कोनाकडे शे?"

"इंग्रजास्कडेच."

"खुंटा कसाना?"

"लोखंडना. बेड्या घालाना आधी मीच बसाडा. त्यास्कडे आते लोखंड उनं व्हतं."

"घट्ट बसाडा?"

नजीर थांबला. वाकसाच्या दांड्यावरची धूळ त्यानं अंगठ्यानं पुसली.

"घट्ट," तो म्हणाला, आणि लाकडाकडं गेला.